हजारावर आठ

स्कार्डालच्या खोऱ्यात नदी
डिसेंबरातही थांबत नाही.
बर्फाखालून येते, नळात शिरते,
दोनशे मीटर खाली आमच्या चाकावर पडते.

त्या रात्री डोंगरापलीकडे तार तुटली
आणि खोऱ्यातली सगळी घरं
एका पापणीत मिटली.

जनित्र थांबलं नाही. सुटलं.
ओझं उतरलेल्या घोड्यासारखं:
हजार आठ, बाराशे, पंधराशे,
फरशी माझ्या बुटांतून बोलायला लागली.
झडप झटकन मिटता येत नाही, नळ फाटतो.
ती मिटते आजाऱ्याच्या डोळ्यासारखी, सावकाश,
आणि तेवढा वेळ आयलिव भिंतीला पाठ लावून उभा,
एकोणीस वर्षांचा, नोकरीचा दुसरा महिना.
व्होल्टमीटरचा काटा शून्यावर.
इतकं फिरूनही
शून्यावर.

मग राग्नी आली, कंदील घेऊन, बर्फावरची ढकलगाडी दारात टाकून.
नदी वाहतेय ना?
वाहतेय.
यंत्र धड आहे?
एक स्क्रूसुद्धा ढिला नाही.
मग माझ्या घरात अंधार का?

कुठून सुरुवात करायची.
ह्याच्या पोटात स्वतःचं चुंबक नाही, राग्नी.
तांब्याच्या नुसत्या कांब्या, टोकांना बांधलेल्या,
खारीच्या पिंजऱ्यासारख्या.
तारेतून येणारी ओढ हे उसनी घेतं,
त्या ओढीच्या जरासं पुढे पळतं,
तेव्हा कुठे दोन दाणे टाकतं तुझ्या दिव्यात.
ती उसनवारी तुझ्या बिलावर कधीच दिसत नाही.

ती नुसती बघत राहिली.
म्हणून मी म्हटलं, तुझ्याकडे दूध आहे,
शेळ्या आहेत, भांडं घासून ठेवलंय.
विरजण संपलं तर?
शेजारी जाते.
आणि शेजारीही संपलं असेल तर?
तिनं कंदिलाची वात
थोडी खाली केली.

आयलिव म्हणाला, बाहेरच्या खोलीत कपॅसिटर आहेत की.
लोखंडात थोडं चुंबकत्व उरतंच,
भांड्याच्या बुडाला राहतं तेवढं.
जोडून बघू?
पुस्तक त्यानं बरोबर वाचलं होतं.
मी सत्त्याऐंशी साली बघितलंय ते:
तार तुटलेली, कपॅसिटर चुकून जोडलेलेच राहिले,
आणि हे आपल्याच तंद्रीत पेटलं.
व्होल्टेज चढत गेलं, चढतच गेलं.
लाकडाच्या गिरणीतले दिवे आधी पांढरेफटक झाले,
मग नुसती काच.
पुरे म्हणणारं
दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं.

आम्ही तिघं कॉफी पीत बसलो. शेगडी गॅसची होती म्हणून बरं.

सहाच्या सुमाराला फोन वाजला: तार जिवंत.
आधी दिवे आले, दुरून आलेले, परक्या नदीचे.
मग मी झडप बोटभर उघडली.
नऊशे. नऊशे ऐंशी. नऊशे अठ्ठ्याण्णव.
आता, मी म्हटलं, आणि आयलिवनं बटण दाबलं.
धक्का.
सबंध खोरं एकदा मंद झालं,
कुणीतरी आवंढा गिळावा तसं,
आणि पुन्हा वर आलं.
राग्नी म्हणाली, म्हणजे आधी घेतंच हे.
हो. आधी घेतंच.

आयलिवला मी काटा दाखवला.
हजाराखाली गेलं तर हे गावाचीच वीज खाऊन
चाक फिरवत बसतं.
बरोबर हजारावर कुणालाच उजेड नाही.
आठ फेरे पुढे, बस.
त्यानं वहीत लिहिलं: सहा बेचाळीस, एक हजार आठ.
आठाखाली दोनदा रेघ मारली.
का, मी विचारलं नाही.

कंदील टेबलावरच राहिला होता, जळत.

शुक्रवारी फाटकाशी झाकण लावलेलं भांडं,
आत घट्ट, तारेसारखं ओढलं जाणारं दही,
आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी:
सगळं खाऊ नका,
थोडं बाजूला काढून ठेवा.